खानदेशातील बदलता आहार, घटते श्रम आणि लठ्ठपणा

तापी, गिरणा आणि पांझरा ह्या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या जळगाव व धुळे जिल्ह्यांत आहाराचा प्रश्न निघाला की, जुन्या पिढीतील माणसाला प्रथम आठवते ती टंचाई. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी ह्यांची चव पुष्कळांच्या अद्याप स्मरणात आहे. अशा मुलखात लठ्ठपणावर लेख लिहावयाचा ही काहींना थट्टा वाटेल. परंतु आकडे पाहिले असता थट्टेला जागा उरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ साली देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी १२.६ टक्के व पुरुषांपैकी ९.३ टक्के व्यक्तींचे वजन उंचीच्या मानाने प्रमाणाबाहेर होते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हेच प्रमाण अनुक्रमे २४.० व २२.९ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रातही ते जवळजवळ चौघांत एक इतके आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेही व्यक्तींची संख्या १० कोटींवर असल्याचे अनुमान काढण्यात आले. मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार ह्यांना शहरातील बैठ्या लोकांचे रोग समजण्याचे दिवस आता संपले आहेत.

शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पंचेचाळीस-पन्नाशीच्या कर्त्या माणसाला मधुमेहाने पायाची जखम भरेनाशी झाली किंवा रक्तदाबाने अर्धांगवायू झाला, तर त्या वर्षीचा हंगाम बुडतो, औषधपाण्यासाठी कर्ज होते आणि प्रसंगी जमिनीचा तुकडाही हातचा जातो. सबब पिकावरील कीड ओळखण्यास जो कार्यकर्ता शिकला आहे, त्याने हे संकटही वेळीच ओळखणे अगत्याचे आहे.

जुने ताट

खानदेशी माणसाचा पूर्वीचा नित्याचा आहार साधा होता. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत पावसाळ्यानंतरच्या ओलीवर येणारी दादर ज्वारी, हलक्या रानातील बाजरी, आणि ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी हा जेवणाचा मुख्य भाग असे. सोबत उडदाची किंवा तुरीची डाळ, मिरचीचा ठेचा, कांदा, हंगामात वांग्याचे भरीत, मेथी, अंबाडी वा पोकळ्याची भाजी. शेंगदाणा मुबलक असे, पण तेल मापून वापरले जाई. कारण घरच्या शेंगा घाण्यावर नेऊन जे तेल येई तेच वर्षभर पुरवावयाचे असे. पुरणाचे मांडे आणि आमरस हे आखाजीला, बट्टी व वरण हे लग्नाकार्याला. गोडधोड आणि तळण ह्यांना वर्षातील ठराविक दिवस नेमून दिलेले होते.

ह्या ताटाचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. त्या काळी बहुसंख्य मजुरांना हे ताटही पुरेसे मिळत नसे, मुले अशक्त राहत, आणि घरातील स्त्रीच्या वाट्याला शेवटी जे उरेल तेच येई. तथापि एक गोष्ट खरी की, जो जेवत असे तो ते अन्न अंगमेहनतीत खर्चून टाकीत असे. मोटेने किंवा फडाच्या पाटातून पाणी देणे, रात्री दारे धरणे, औत हाकणे, निंदणी, कापणी, मळणी, डोक्यावरून ओझी वाहणे, आणि घरात पहाटे उठून जात्यावर दळणे, असा वर्षाचा क्रम असे. जात्याला खानदेशात घरोट म्हणतात. आसोदा हे माहेर असलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) ह्यांच्या कवितेत ह्या घरोटाला मानाचे स्थान मिळाले आहे. चार-पाच माणसांचे दळण रोज हाताने काढणे हा केवढा व्यायाम होता, हे आता जात्याचा दांडा कधीही हाती न धरलेल्या पिढीला सांगून समजणार नाही.

श्रमाचा हिशेब

शरीराला लागणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था ह्यांनी २०२० साली ठरविलेल्या प्रमाणांनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाची रोजची गरज कष्टाचे काम असल्यास ३,४७० उष्मांक, मध्यम काम असल्यास २,७१० आणि बैठे काम असल्यास २,११० उष्मांक इतकी आहे. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे अनुक्रमे २,७२०, २,१३० व १,६६० असे आहेत.

आता हे आकडे भाकरीत मांडून पाहावेत. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सुमारे ३३४ उष्मांक मिळतात, म्हणजे चांगल्या मोठ्या एका भाकरीचे तितके धरावयास हरकत नाही. कष्टाचे काम करणारा पुरुष बैठ्या कामावर आला की, त्याची गरज दररोज १,३६० उष्मांकांनी, म्हणजे चार भाकरींनी घटते. स्त्रीची गरज तीन भाकरींहून थोडी अधिक घटते. कष्टाचे काम सुटून केवळ मध्यम काम उरले, तरी पुरुषाच्या ताटातून दोन भाकरी कमी व्हावयास पाहिजेत.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत नेमके हेच घडले आहे. मोटेच्या जागी प्रथम तेलाचे इंजिन व नंतर विजेचा पंप आला. जळगाव जिल्ह्यात केळीला ठिबक सिंचन सर्वत्र झाल्यापासून दारे धरण्याचे काम जवळपास नाहीसे झाले, कळ फिरविली की पाणी चालू होते. नांगरट ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्राने होते, कपाशीतील तण पुष्कळ ठिकाणी फवाऱ्याने मारले जाते. शेतावर जावयाचे ते मोटारसायकलवरून आणि बांधावर उभे राहून मजुरांस सूचना द्यावयाच्या. घरी पिठाची गिरणी, मिक्सर व गॅस आले. ह्या सुधारणांनी शेतकऱ्याची, विशेषतः शेतकरी स्त्रीची, हाडे झिजविणारी मेहनत वाचली, ही आनंदाचीच गोष्ट होय. घरोट पुन्हा फिरवा असा उपदेश करणाऱ्याने आधी स्वतः पायली दळून पाहावी. मात्र श्रम वाचले त्या मानाने भूक वाचत नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे. भूक ही सवयीची असते. बापाच्या ताटात चार भाकरी पाहिलेला मुलगा स्वतःच्या ताटातही चारच अपेक्षितो, आणि आईला त्या वाढण्यात समाधान वाटते.

बैल गेला, ज्वारीही गेली

श्रमाबरोबर धान्यही बदलले. ह्याची कारणे चवीपेक्षा शेतीत अधिक सापडतात. ज्वारीचे पीक हे धान्य व कडबा अशा दुहेरी उत्पन्नाचे पीक. दावणीला बैल होते तोवर कडबा हवाच असे, आणि कडब्यासाठी ज्वारी पेरली जाई. ट्रॅक्टर आला, बैल विकले गेले, आणि ज्वारीचे निम्मे प्रयोजन संपले. त्यात काढणीची मजुरी वाढली, पाखरांपासून राखण करण्यास माणूस मिळेना, आणि कापूस, केळी, मका व सोयाबीन ह्यांपासून रोख पैसा हाती येऊ लागला. १९६४ मध्ये आलेल्या सी. एस. एच.-१ ह्या संकरित वाणाने व त्याच्या मागून आलेल्या वाणांनी उत्पन्न पुष्कळ वाढविले. परंतु पावसात सापडून काळ्या पडलेल्या खरीप ज्वारीची भाकरी दादरच्या भाकरीची सर देईना. दुसऱ्या बाजूने शिधावाटप दुकानातून गहू व तांदूळ स्वस्तात मिळू लागले. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला व जानेवारी २०२३ पासून ह्या कायद्याखालील कुटुंबांस हे धान्य मोफत दिले जात आहे. गरिबाची चूल त्यामुळे विझली नाही, हा मोठा लाभ झाला. परंतु जेथे गहू-तांदूळ विनामूल्य येतो आणि दादर बाजारात महाग मिळते, तेथे भाकरी ही हळूहळू हौसेची वस्तू बनणे स्वाभाविकच आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्वारी-बाजरी खाल्ल्याने वजन उतरते आणि गहू खाल्ल्याने चढते, असे सर्रास सांगण्यात येते. पौष्टिक घटकांच्या कोष्टकांत त्याला आधार नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत ३३४, बाजरीत ३४८ आणि चक्कीवर दळलेल्या सबंध गव्हाच्या पिठात ३२० उष्मांक असतात. पचनाला मदत करणारा चोथा तिन्हींत १० ते ११ ग्रॅमच्या आसपास असतो. खरा फरक पडतो तो मैदा व सडीक तांदूळ ह्यांच्या बाबतीत. त्यांत चोथा अवघा पावणेतीन ग्रॅमच्या आसपास राहतो, त्यामुळे ते लवकर पचतात, रक्तातील साखर झपाट्याने वाढवितात व भूक पुन्हा लवकर लागते. मैदा घरी दळला जात नाही. तो पाव, बिस्किटे, खारी व टोस्ट ह्यांच्या रूपाने चहाबरोबर घरात शिरतो.

मग भाकरी सोडल्याने बिघडले ते काय? बिघडले ते तेलापाशी. भाकरी पाण्यावर थापली जाते, तिला तेलाचा थेंबही लागत नाही. पोळीला मळताना तेल, लाटताना तेल आणि भाजून काढल्यावर पुन्हा तेल. भाकरीबरोबर पातळ डाळ व ठेचा चालतो, तर पोळीबरोबर मुलांना परतलेली, तेल सुटलेली भाजी हवी असते. पोळीचा प्रसार होण्याची कारणेही समजून घेण्यासारखी आहेत. शाळेच्या डब्यात ती दुपारपर्यंत मऊ राहते, गव्हाचे पीठ महिनाभर टिकते, तर ज्वारीच्या पिठाची विरी थोड्याच दिवसांत जाते आणि बाजरीचे पीठ कडू पडते. भाकरी थापणे हे हातचे कसब आहे व ते सासूकडून सुनेकडे जाण्याची वाट आता पुष्कळ घरांत बुजत चालली आहे. तेव्हा स्त्रियांना बोल लावून काही साधणार नाही.

तेल, साखर आणि पाच रुपयांचे पाकीट

लठ्ठपणाच्या वाढीत खानदेशापुरता सर्वांत मोठा वाटा कोणाचा, असे विचारल्यास आम्ही तेलाचे नाव घेऊ. एक ग्रॅम धान्याच्या पिठातून साडेतीन उष्मांकांहून कमी मिळतात, साखरेतून चार, आणि तेलातून नऊ. तेल घाण्याचे असो वा पिशवीतील, शेंगदाण्याचे असो वा सोयाबीनचे, ह्या बाबतीत सर्व सारखेच. ‘घरचे घाण्याचे तेल आहे, कितीही खा’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पूर्वी तेलावर निसर्गाचाच अंकुश होता, शेंग पिकेल तितकेच तेल. १९९४ नंतर पामतेलाची आयात खुली झाली, आणि आज देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. तेल पाऊस-पाण्यावर अवलंबून राहिले नाही, तसे तळणही सणावर अवलंबून राहिले नाही. शेवभाजी, तर्रीदार रस्सा, भरीत-पुरी, भजी व फरसाण ह्या वस्तू धाब्यावरून घरात आल्या. शेवेच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा तेलाचा असतो. ती पुन्हा तेलाच्या रश्शात घातली की शेवभाजी होते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे २,००० उष्मांकांच्या आहारात वरून घेतलेले तेल-तूप दिवसाला माणशी सुमारे २७ ग्रॅम असावे. पाच माणसांच्या, फारसे कष्टाचे काम नसलेल्या कुटुंबाला ह्या हिशेबाने महिन्यास सुमारे चार किलो, म्हणजे साडेचार लिटरच्या आत तेल पुरावयास पाहिजे. १५ किलोचा डबा साडेतीन महिन्यांहून अधिक चालला पाहिजे. आपल्या घरी तो किती दिवसांत रिकामा होतो, हे प्रत्येकाने डब्यावर तारीख लिहून पाहावे. बाहेरून आणलेल्या फरसाणातील तेल ह्या हिशेबात आलेले नाही, हेही विसरू नये.

साखरेची गोष्ट अशीच. पाहुणा आला की चहा, सौदा ठरला की चहा, रात्रीच्या विजेने पंप चालवावयाचा तर जागण्यासाठी चहा. एका कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली, तर पाच कपांत ५० ग्रॅम साखर व २०० उष्मांक होतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या शिफारशीनुसार दिवसाची वरून घेतलेली साखर २० ते २५ ग्रॅमच्या आत असावी. म्हणजे घरातील लाडू-शिऱ्याला हात न लावताच निव्वळ चहाने मर्यादा दुपटीने ओलांडली.

मुलांच्या बाबतीत पाच-दहा रुपयांच्या खाऱ्या पाकिटांनी शेंगदाणे, फुटाणे व गूळ ह्यांची जागा घेतली आहे. रानातल्या खेळाची जागा दूरदर्शन संचाने व भ्रमणध्वनीने घेतली. केळीच्या मुलखात तर एक चमत्कारिक दृश्य दिसते. २०१६ साली जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच जळगावच्या घरांत मूल केळे खात नाही, केळ्याचे वेफर मागते. शंभर ग्रॅम पिकलेल्या केळ्याच्या गरात सुमारे ११० उष्मांक, तर तितक्याच वेफरमध्ये ५०० हून अधिक उष्मांक असतात. केळीने लठ्ठपणा येतो ही भीती निराधार आहे. कढईतून निघाल्यावर तिचे जे होते, त्याने तो येतो.

उपवासांविषयी अधिक लिहावयास नको. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीच केलेली आहे. साबुदाणा हा बहुतांशी निव्वळ पिष्ट आहे, आणि त्याची खिचडी तेल-तुपावाचून होत नाही.

सडपातळ दिसणारा लठ्ठपणा

ह्या विषयातील अत्यंत महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रातच झालेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांची मुले ह्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. ह्या शेतकरी कुटुंबांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बालकांच्या मानाने पुष्कळच कमी होते. परंतु त्यांच्या शरीराची मोजमापे घेतली असता असे आढळले की, उणीव होती ती स्नायूंत व पोटातील अवयवांत. चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक ह्यांनी स्वतःचे व एका इंग्रज सहकाऱ्याचे उदाहरण प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. तरी इंग्रजाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली.

ह्याचा अर्थ असा की, आपल्याकडील माणूस वरून सडपातळ दिसत असला तरी त्याच्या पोटाभोवती चरबी साठलेली असू शकते, आणि मधुमेहास निमंत्रण देणारी चरबी हीच होय. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी अवस्थेत वाढलेल्या शरीरावर अचानक बैठे काम व तेल-साखर ह्यांचा भार पडला, की ते शरीर त्याखाली लवकर वाकते. म्हणूनच भारतीयांसाठी वजनाच्या मर्यादा युरोपियनांपेक्षा कमी ठरविल्या आहेत. ज्यांना आजही ‘अंगावर मूठभर मांस चढले’ ही सुबत्तेची खूण वाटते, त्यांस हे शांतपणे समजावून सांगावे लागेल. हे मांस नव्हे.

मोजमाप कसे करावे

ह्यासाठी वजनकाटा व शिंप्याची फीत एवढीच साधने पुरेत. किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उदाहरणार्थ, वजन ६८ किलो व उंची १.६० मीटर असल्यास १.६० गुणिले १.६० म्हणजे २.५६, आणि ६८ भागिले २.५६ म्हणजे सुमारे २६.६. भारतीय प्रौढांसाठी हा आकडा २३ च्या पुढे गेल्यास वजन जास्त व २५ च्या पुढे गेल्यास लठ्ठपणा समजतात. १८.५ च्या खाली असल्यास ती व्यक्ती कुपोषित होय.

कंबरेचे माप त्याहूनही उपयोगी. शेवटची बरगडी व कंबरेचे हाड ह्यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यानंतर, फीत न आवळता माप घ्यावे. पुरुषाचे माप ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीचे ८० सेंटिमीटरच्या पुढे असल्यास रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. तीस वर्षांवरील सर्वांसाठी ही तपासणी उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, आणि आशा कार्यकर्तीच्या तपासणी-पत्रकात कंबरेच्या मापाचा रकाना असतोच. पुरुष मंडळी हे माप देण्यास संकोचत नाहीत. स्त्रिया मात्र टाळतात. त्यांचे माप स्त्री कार्यकर्तीनेच घ्यावे.

कोणास काय सांगावे

ग्रामकार्यकर्त्याची खरी कसोटी येथे आहे. एकाच गावात दोन प्रकारची घरे असतात. चोपडा, यावल, रावेर व शिरपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याची पाडे-वस्ती असो, किंवा गावातील कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रिया असोत, येथे अशक्तपणा, रक्तक्षय व कमी वजनाची बालके हाच आजही मोठा प्रश्न आहे. देशात २०१९-२१ साली १८.७ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या होत्या. अशा घरी जाऊन ‘तेल कमी खा’ असे सांगणे हा अपराध होईल. त्यांना तेल, डाळ, शेंगदाणे, अंडी व दूध अधिक मिळावयास पाहिजे. गर्भवतीचे पोषण तर विशेषच जपावे, कारण वर सांगितलेल्या संशोधनाप्रमाणे पुढच्या पिढीच्या मधुमेहाचे मूळ तिच्या अर्धपोटी राहण्यात आहे. म्हणून सल्ला देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: दिवसाचे कष्ट किती, आणि तेलाचा डबा किती दिवस पुरतो?

ज्या घरी कष्ट कमी झाले आहेत, तेथे पहिली सूचना भाकरी-पोळीची संख्या कमी करण्याची. पण रिकाम्या जागेत काही भरले नाही, तर ती सूचना आठवडाभरही टिकत नाही. एक भाकरी कमी केल्यास एक वाटी घट्ट डाळ किंवा उसळ व पालेभाजी वाढवावी. भाज्या व फळे मिळून दिवसास माणशी ५०० ग्रॅम असावीत. गावरान भाजीची चणचण हे हल्ली खेड्यातलेच दुखणे झाले आहे, कारण सर्व रान कपाशी-केळीखाली गेले व भाजी बाजारच्या दिवशी विकत येते. परसात गुंठाभर जागेत मेथी, पोकळा, अंबाडी, आंबट चुका, शेवगा व जळगावची भरताची वांगी सहज होतात. मात्र कपाशीच्या बांधावरील भाजीवर फवाऱ्याचे विष पडलेले असते, ती खाऊ नये.

ज्यांची जमीन खोल व काळी आहे, त्यांनी अर्धा एकर दादर केवळ घरासाठी पेरावी. गाय-म्हैस असल्यास कडबाही कामी येईल. हलक्या जमिनीत ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण घ्यावा. इक्रिसॅट व महात्मा फुले कृषी विद्यापीठ ह्यांच्या सहकार्याने तयार झालेल्या ह्या वाणात लोहाचे प्रमाण अधिक आहे, म्हणून रक्तक्षय असलेल्या स्त्रियांना तो विशेष उपयोगी. पीठ आठवड्यापुरतेच दळून आणावे. बिबडे व पापड तळण्याऐवजी भाजावेत. भाजीला तेल बुधलीतून न ओतता पळीने मोजून घालावे. चहातील साखर एकदम बंद केल्यास घरात कुरबूर होते. दर आठवड्यास पाव चमचा कमी केल्यास जिभेला कळतही नाही.

घरातील गृहिणीविषयी एक सूचना वेगळी द्यावीशी वाटते. तिची मेहनत घटली, परंतु उरलेले अन्न टाकवत नाही म्हणून दुपारी उशिरा व रात्री सर्वांच्या मागून ती ते संपवीत असते. चाळिशीनंतर स्त्रियांचे वजन वाढण्यात ह्या सवयीचा हात पुष्कळ आहे. अन्न मोजके शिजविणे व सर्वांनी एकत्र जेवावयास बसणे हा त्यावर उपाय असून तो घरातील पुरुषांच्या हाती आहे.

श्रमासंबंधी सांगावयाचे तर शेत दीड-दोन किलोमीटरच्या आत असल्यास मोटारसायकल घरी ठेवावी. आठवड्यातून किमान १५० मिनिटे दम लागेल अशा गतीने चालणे आवश्यक मानले आहे. शेतावर रोज पायी जाऊन येणाऱ्याचे ते आपोआप भरून निघते. खोडवा केळीतील पिले कापणे, परसबाग खणणे, शेणखत पसरविणे ही कामे मजुरांवर न सोपविता स्वतः केल्यास स्नायूही राखले जातात. आमच्याकडील शरीराची मूळ उणीव स्नायूंचीच आहे, हे वर सांगितलेच आहे.

वजन व कंबर ह्यांची पहिली नोंद घेतल्यावर दुसरी नोंद सहा महिन्यांनी घ्यावी आणि तिसरी बरोबर वर्षाने, त्याच महिन्यात. कापूस वेचणीच्या दिवसांत उतरलेले वजन उन्हाळ्यातील लग्नसराईत पुन्हा चढते, म्हणून निरनिराळ्या हंगामांतील दोन आकड्यांची तुलना फसवी ठरते. नोंदवहीत वजनाशेजारी एक रकाना तेलाच्या डब्याच्या तारखेसाठी ठेवावा.